संशोधनाचा पैसा कोणाच्या हाती : भारतातील सरकारी अनुदानप्रथेचा इतिहास

भारतात वैज्ञानिक संशोधनाला सरकारने पैसा पुरवण्याची प्रथा स्वातंत्र्यानंतर सुरू झाली, असा एक सर्वसाधारण समज आहे. जवाहरलाल नेहरू, शांतिस्वरूप भटनागर आणि होमी भाभा या तीन नावांभोवती तो इतका पक्का बसला आहे, की त्याआधीच्या शतकाहून अधिक काळाचा अनुभव बहुधा नजरेआडच राहतो. वास्तविक ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून आजच्या ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’पर्यंत ही प्रथा सलग चालत आलेली आहे आणि तिच्या इतिहासात रक्कम किती होती यापेक्षा ती कोणाच्या हाती पडली, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरलेला आहे. पैसा सरकारी खात्याला द्यायचा, सरकारने स्वतः उभारलेल्या प्रयोगशाळेला द्यायचा, की विद्यापीठात अध्यापन करता करता संशोधन करणाऱ्या माणसाला द्यायचा, या तीन वाटांपैकी कोणती वाट कधी निवडली गेली, त्यावर कोणते शास्त्र कोठे रुजले आणि कोठे खुंटले हे ठरत गेले.

एकोणिसाव्या शतकात ‘संशोधन अनुदान’ अशी स्वतंत्र बाब सरकारी अंदाजपत्रकात नव्हती. सरकारला ज्याची गरज होती त्याचे खाते निघे आणि त्या खात्याच्या पोटात जे शास्त्र चाले तेवढ्यालाच पैसा मिळे. मुंबईच्या कुलाबा बेटावर 1826 मध्ये कंपनीने वेधशाळा बांधली ती जहाजांना वेळ आणि दिशा यांची अचूक माहिती हवी होती म्हणून. पुढे 1841 पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी नियमितपणे ठेवल्या जाऊ लागल्या. 1859 च्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावरील स्फोटामुळे पृथ्वीवर जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले, त्याची कुलाब्यातील नोंद आजही जगभरच्या अभ्यासकांना मोलाची वाटते. ज्या लेखनिकांनी आणि निरीक्षकांनी ती केली त्यांना तिचा पुढचा उपयोग माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांचा पगार नियमित होता आणि काम खंड न पडता चालले होते, एवढ्यावरच ही नोंद शास्त्राच्या हाती आली.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरले, तेव्हा वेधशाळेपुढे मोठेच संकट उभे राहिले, कारण विजेच्या प्रवाहाने चुंबकीय उपकरणांच्या नोंदी बिघडतात. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी खाडीपलीकडचे अलिबाग निवडले आणि तेथे लोखंडाचा अंश टाळून, दगड, तांबे व पितळ अशा सामग्रीने नवी वेधशाळा उभी राहिली. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडण्यात आली आणि विजेची ट्राम त्यानंतर, 1907 मध्ये धावली. एका शास्त्रीय नोंदीची सलगता राखण्यासाठी शहराची विजेची ट्राम थांबून राहिली, ही घटना भारतातील सरकारी विज्ञानाच्या इतिहासात फार वेळा घडलेली नाही.

खात्याबाहेरच्या माणसाला मदत देण्याचा अनुभव मात्र वेगळा होता, आणि त्याचे बोलके उदाहरण पुण्याचेच आहे. कावसजी दादाभाई नायगमवाला या अध्यापकाला वेधशाळा काढण्यासाठी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी 5,000 रुपये दिले, मुंबई सरकारने त्यात तितकीच भर घातली आणि 1888 च्या सुमारास पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजांच्या नावाची वेधशाळा सुरू झाली. डब्लिनच्या ग्रब कंपनीकडून मागवलेली तिची 20 इंची दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकून सूर्याच्या प्रभामंडलाचा वर्णपट टिपला. परंतु ही सारी मदत एका माणसाच्या कर्तृत्वावर विसंबून दिलेली होती. तिच्यामागे पद नव्हते, वारस नेमण्याची तरतूद नव्हती, चालू खर्चाची कायम हमी नव्हती. त्यामुळे 1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले तेव्हा वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. पुण्यात संशोधन-खगोलशास्त्राची जी सुरुवात झाली होती ती तेथेच खुंटली. एकरकमी देणगी आणि सातत्याचे अनुदान यांतला फरक या एका वेधशाळेच्या आयुष्यात जितका स्पष्ट दिसतो तितका तो कोणत्याही अहवालात दिसत नाही.

सरकारला संशोधनासाठी खात्याहून वेगळी यंत्रणा उभारावी लागली ती रोगराईमुळे. 1896 मध्ये मुंबईत ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची साथ फुटली आणि सरकारने जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांना मुंबईत पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी लस तयार केली, 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा थाटण्यात आली. तीच पुढे 1925 पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. प्लेग, हिवताप, काळा आजार, पटकी यांची चौकशी प्रत्येक वेळी नवा आयोग नेमून आणि नवी मंजुरी मागून करणे कसे निष्फळ ठरते हे तोवर दिसून आले होते. म्हणून 1911 मध्ये ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक 15 नोव्हेंबर 1911 रोजी याच परळच्या प्रयोगशाळेत हारकोर्ट बटलर यांच्या अध्यक्षतेखाली भरली. ब्रिटनमध्ये वैद्यकीय संशोधन समिती स्थापन झाली 1913 मध्ये. म्हणजे भारतातील ही निधिसंस्था साम्राज्याच्या राजधानीतल्या तशा संस्थेहून दोन वर्षांनी थोरली होय.

या संस्थेची रचना नीट पाहण्यासारखी आहे, कारण पुढच्या सर्व अनुदानसंस्थांची बीजे तिच्यात सापडतात. सरकार दरवर्षी एक रक्कम देई, ती खर्च कशी करावी हे नियामक मंडळ ठरवी आणि कोणत्या प्रश्नाचा अभ्यास घ्यावा, तो कोणाकडे सोपवावा याची छाननी शास्त्रज्ञांचे वेगळे सल्लागार मंडळ करी. जो अभ्यास मंजूर होई त्याला ‘चौकशी’ म्हणत आणि तिच्यासाठी माणसे, उपकरणे व मुदत ठरवून दिली जाई. 1913 पासून संस्थेने वैद्यकीय संशोधनाचे स्वतःचे नियतकालिकही चालवले. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी कुन्नूर येथे 1918 मध्ये एका खोलीत बेरीबेरीची, म्हणजे आहारातील जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाची जी चौकशी सुरू केली, तिच्यातूनच हैदराबादची आजची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली.

लहान अनुदान योग्य माणसाच्या हाती पडले म्हणजे काय घडते, हे उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांच्या उदाहरणावरून कळते. ते कलकत्त्याच्या कॅम्पबेल रुग्णालयात शिकवत असत आणि रुग्ण तपासून उरलेल्या वेळात, ज्या खोलीत ना विजेचा दिवा होता, ना गॅस, ना पाण्याचा नळ, अशा जागी कंदिलाच्या उजेडात काम करीत. 1919 च्या अखेरीस या निधिसंस्थेने त्यांना काळ्या आजारावरील उपचारांच्या संशोधनासाठी अनुदान दिले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ‘युरिया स्टिबामाइन’ हे औषध तयार केले. ज्या आसाम-बंगालमध्ये काळा आजार म्हणजे बहुतांश रोग्यांचा मृत्यू हेच समीकरण होते, तेथे या औषधाने असंख्य जीव वाचवले. या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संस्थेच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनातील बहुतेक पदे इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, म्हणजे प्रामुख्याने युरोपीय अधिकाऱ्यांच्या हाती होती आणि ब्रह्मचारींसारख्या सेवेबाहेरच्या भारतीय संशोधकाला अनुदान मिळणे हा नियम नसून अपवाद होता. 1949 मध्ये संस्थेचे नाव बदलून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद झाले, तेव्हा तिचे पहिले संचालक म्हणून चिंतामण गोविंद पंडित यांनी सूत्रे सांभाळली. त्यांच्याच कारकिर्दीत रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने 1952 मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघाले, आणि पाच वर्षांनी कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली तेव्हा त्यामागचा नवा विषाणू याच केंद्राने ओळखला.

शेतीच्या संशोधनासाठी पैसा उभा करण्याची रीत आणखी निराळी होती आणि ती आज जवळजवळ विस्मृतीत गेली आहे, म्हणून तिच्याकडे जरा थांबून पाहणे आवश्यक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात नेमलेल्या कापूस समितीच्या शिफारशीवरून 1921 मध्ये ‘इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी’ स्थापन झाली आणि 1923 च्या कायद्याने देशातून निर्यात होणाऱ्या व देशातील गिरण्यांत वापरल्या जाणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर काही आण्यांचा उपकर बसला. उपकर म्हणजे एका विशिष्ट कामासाठीच वसूल केलेला आणि त्याच कामावर खर्चायचा कर. हा पैसा सरकारी तिजोरीतील इतर खर्चात मिसळत नसे. तो थेट समितीकडे जाई. समितीत कृषिखात्याचे अधिकारी होते, तसेच गिरणीमालक, व्यापारी आणि कापूस पिकवणाऱ्यांचे प्रतिनिधीही होते. ज्या धंद्यातून पैसा आला त्या धंद्यातील माणसांनीच कोणते संशोधन व्हावे हे ठरवायचे, हा त्यामागचा विचार होता.

या उपकरातून 1924 मध्ये माटुंग्याला तंत्रप्रयोगशाळा उघडली. एखाद्या शेतीकेंद्राने कापसाचा नवा वाण काढला की त्याचा नमुना माटुंग्याला येई. तेथे धाग्याची लांबी, जाडी, बळकटी मोजून तो प्रयोगशाळेतील यंत्रांवर प्रत्यक्ष कातला जाई आणि या रुईतून किती बारीक, किती नंबरचे सूत निघू शकेल याचा निर्वाळा पैदासकाराला लेखी मिळे. तोवर वाणाची पारख व्यापाऱ्याच्या बोटांच्या चिमटीवर अवलंबून होती. आता खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड येथील पैदासकारांना एकाच मापाने आपले काम तपासता येऊ लागले. मर रोगाला दाद न देणारा खानदेशातील ‘जरिला’ वाण ज्या पैदासकार्यातून आला, त्याला या समितीच्या पैशाचा आधार होता. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी चालवलेल्या वनस्पतिउद्योग संस्थेलाही समितीने पैसा पुरवला. कापसाच्या अभ्यासासाठी निघालेल्या त्या संस्थेतून काडीकचरा आणि शेण कुजवून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली, ही गोष्ट संशोधनाला दिलेल्या मोकळिकीचे फळ मानली पाहिजे, कारण उपकराच्या कायद्यात खताचा विचार मुळातच नव्हता.

तथापि, उपकराच्या वाटेला एक जन्मजात मर्यादा होती. ज्या पिकाला मोठी बाजारपेठ आणि संघटित खरेदीदार होते त्याच पिकाला उपकर मिळे. कापूस, लाख, चहा, ताग यांच्या समित्या निघाल्या, परंतु ज्वारी, बाजरी, नाचणी यांच्यासाठी गासडीवर कर बसवणारे कोणी नव्हते. गरिबांच्या ताटातले धान्य संशोधनाच्या पैशापासून वंचित राहिले. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेती आयोगाच्या शिफारशीवरून 1929 मध्ये जी शाही कृषी संशोधन परिषद, म्हणजे आजची भारतीय कृषी संशोधन परिषद स्थापन झाली, तिने ही उणीव काही प्रमाणात भरून काढली. 1960 च्या दशकाच्या मध्यावर पीकवार समित्या मोडून त्यांच्या प्रयोगशाळा परिषदेकडे सोपवण्यात आल्या आणि माटुंग्याची प्रयोगशाळाही तिच्याकडे गेली. त्यामुळे कारभारात एकसूत्रीपणा आला, पण शेतकरी आणि गिरणीमालक एका टेबलाशी बसून संशोधनाचा पैसा वाटत होते तो प्रयोग संपला, आणि त्याची जागा घेईल असे काही नंतर उभे राहिले नाही.

उद्योगांसाठीच्या संशोधनाचा पैसा दुसऱ्या महायुद्धाने मोकळा केला. युरोपातून रसायने, रंग, काच, औषधे येणे बंद झाल्यावर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील व्यापार सदस्य आर्कॉट रामस्वामी मुदलियार यांच्या प्रयत्नाने एप्रिल 1940 मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळ नेमले गेले आणि त्याची धुरा भटनागर यांच्याकडे आली. भटनागरांना उद्योगाच्या पैशाचा अनुभव आधीच होता: अ‍ॅटॉक ऑइल कंपनीच्या विहिरी खणताना मिठाच्या संपर्काने चिखल घट्ट होऊन छिद्रणयंत्र अडकत असे, त्यावर त्यांनी साधा डिंक मिसळण्याचा तोडगा काढला, तेव्हा लंडनच्या स्टील ब्रदर्स कंपनीने संशोधनासाठी देऊ केलेला दीड लाख रुपयांचा निधी त्यांनी स्वतः न घेता लाहोरच्या विद्यापीठाकडे वळवला होता. नोव्हेंबर 1941 मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाने औद्योगिक संशोधन निधीसाठी पाच वर्षे दरसाल 10 लाख रुपयांची तरतूद मान्य केली आणि 26 सप्टेंबर 1942 रोजी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद ही स्वायत्त संस्था नोंदवली गेली.

आरंभी या परिषदेचा पैसा विषयवार समित्यांमार्फत विद्यापीठांतील प्राध्यापकांनाही मिळत होता. नंतर तो ज्या वेगाने राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या उभारणीकडे वळला त्याला तोड नाही. 1944 मध्ये सरकारने प्रयोगशाळांसाठी एक कोटी रुपये देऊ केले, टाटांनी 20 लाखांची भर घातली आणि स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत दिल्ली, पुणे, जमशेदपूर, धनबाद, कलकत्ता येथे इमारती उभ्या राहिल्या. पुण्याच्या पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला 6 एप्रिल 1947 रोजी बाळ गंगाधर खेर यांनी बसवली आणि 3 जानेवारी 1950 रोजी नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. तिचे पहिले संचालक जेम्स मॅकबेन अमेरिकेतून आले होते. नवस्वतंत्र देशाने धान्यटंचाई आणि निर्वासितांचे लोंढे यांच्या काळात अशा संस्थांवर खर्च केला, या धाडसाची किंमत कमी लेखता येणार नाही.

तरीही या वाटेला विरोध झाला आणि तो विज्ञानाच्या हितशत्रूंनी केलेला नव्हता. मेघनाद साहा हे नियोजनाचे आणि सरकारी गुंतवणुकीचे जुने पुरस्कर्ते. परंतु संशोधनाचा पैसा विद्यापीठांबाहेरच्या प्रयोगशाळांत साठू लागला तर विद्यापीठे केवळ परीक्षा घेणारी केंद्रे बनतील, उत्तम संशोधक विद्यार्थ्यांपासून तुटतील आणि पुढची पिढी घडवणारे हातच उरणार नाहीत, अशी त्यांची धारणा होती. 1952 मध्ये लोकसभेवर निवडून आल्यावर त्यांनी ती संसदेतही मांडली. भाभांचा अनुभव नेमका उलट होता. मार्च 1944 मध्ये त्यांनी दोराबजी टाटा विश्वस्त निधीकडे पत्राने मदत मागितली ती विद्यापीठांच्या चौकटीत मूलभूत भौतिकीसाठी वावच नाही या जाणिवेतून. जून 1945 मध्ये सुरू झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेला विश्वस्तांबरोबर मुंबई सरकार आणि नंतर केंद्र सरकार यांचाही आधार मिळाला, आणि 1954 मध्ये अणुऊर्जा विभाग स्थापन होऊन भाभा त्याचे सचिव झाल्यावर संशोधक, संस्थेचे प्रमुख आणि पैसा मंजूर करणारे सरकार या तिन्ही भूमिका एकाच माणसात आल्या. भाभांच्या हाती या व्यवस्थेने झपाट्याने काम केले, यात संशय नाही. मात्र निकोप परंपरेसाठी भाभांसारखा माणूस प्रत्येक पिढीत मिळेल असे गृहीत धरता येत नाही, आणि साहांचे भय आकड्यांनी खरे ठरवले: 2020-21 मध्ये देशाचा संशोधनावरील एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के होता, आणि त्यात उच्च शिक्षण क्षेत्राचा वाटा केवळ 9 टक्क्यांच्या आसपास होता.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तिसरीच भूमिका घेतली. सरकारी पैशाबरोबर अहवाल, तपासणी आणि हुकूम येतात म्हणून बंगळूरची आपली संस्था त्यांनी सरकारी मदतीशिवाय चालवली. 1970 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर दोनच वर्षांत ती केंद्र सरकारच्या अनुदानावर आली. महाराष्ट्रात शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी 1946 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचा प्रवासही याच दिशेने झाला. लोकांच्या देणग्या आणि सभासदांची वर्गणी यांवर सुरू झालेली ती संस्था पुढे केंद्राच्या अनुदानावर स्थिरावली आणि 1992 पासून आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. लोकवर्गणीवर शाळा, वाचनालये आणि कोश उभे करणाऱ्या महाराष्ट्रालाही आधुनिक प्रयोगशाळेचा चालू खर्च लोकवर्गणीतून पेलला नाही, हे सत्य स्वीकारावे लागते.

विद्यापीठांच्या वाट्याला आलेली संस्था म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग. 1953 मध्ये सुरू झालेल्या आणि 1956 मध्ये कायद्याने स्थिर झालेल्या या आयोगाचे पहिले अध्यक्ष भटनागरच होते. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडून आलेले चिंतामणराव देशमुख 1956 पासून पाच वर्षे त्याचे अध्यक्ष होते. परंतु आयोगाचा बहुतेक पैसा इमारती, वेतनश्रेणी, ग्रंथालये यांतच संपे. संशोधनासाठी उरे तो थोडा.

एखाद्या व्यक्तीला, तिच्या कल्पनेच्या गुणवत्तेवर, ती कोठेही नोकरीला असली तरी अनुदान देण्याची 1911 च्या निधिसंस्थेची रीत सर्व विज्ञानशाखांसाठी पुन्हा जिवंत झाली ती मे 1971 मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभाग निघाल्यावर आणि 1974 मध्ये त्याच्या अंतर्गत विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन परिषद नेमली गेल्यावर. या पद्धतीत प्रमुख संशोधक आपला प्रस्ताव लिहून पाठवतो. त्याच विषयातील दोन-तीन अनोळखी तज्ज्ञ तो गोपनीय रीतीने तपासतात, मग विषयसमितीपुढे संशोधक स्वतः बाजू मांडतो आणि समिती शिफारस करते. मंजूर रक्कम दोन भागांत येते: उपकरणांसाठीचा अनावर्ती खर्च आणि रसायने, प्रवास, संशोधन सहायकाचे विद्यावेतन यांसाठीचा आवर्ती खर्च. दरवर्षी 31 मार्चनंतर संशोधकाला खर्चाचे विवरण आणि पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचे लेखापालाच्या सहीचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. ते पोहोचल्याखेरीज पुढचा हप्ता सुटत नाही. हप्ता जूनऐवजी नोव्हेंबरात आला की मधल्या काळात सहायकाचे विद्यावेतन अडते, मागवलेली रसायने बंदरात पडून राहतात, आणि नमुने गोळा करण्याचा पावसाळा निघून गेला तर संपूर्ण वर्ष हातचे जाते. तालुक्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापकाला याचा फटका अधिक बसतो, कारण मोठ्या संस्थेप्रमाणे मधले चार महिने स्वतःच्या निधीतून निभावून नेण्याची ऐपत त्याच्या महाविद्यालयाकडे नसते.

साहांच्या तक्रारीला मिळालेले सर्वांत सर्जनशील उत्तर 1984 नंतरचे आहे. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन अनुदान आयोगाला अनेक विद्यापीठांना सामायिक अशी केंद्रे स्वतः उभारण्याचा अधिकार मिळाला, आणि त्यातूनच 1988 मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारालगत ‘आयुका’, म्हणजे खगोलशास्त्र व खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठ केंद्र स्थापन झाले. जयंत नारळीकर त्याचे संस्थापक संचालक होते. नायगमवालांची दुर्बीण ज्या शहरातून हलवली गेली त्याच शहरात 76 वर्षांनी हे केंद्र उभे राहिले. या वेळी मात्र पदे, चालू खर्च आणि उत्तराधिकार यांची तरतूद आरंभापासूनच होती. देशभरच्या विद्यापीठांतील आणि महाविद्यालयांतील अध्यापकांना सहयोगी म्हणून येथे येऊन ग्रंथालय, संगणक आणि सहकाऱ्यांची सोबत मिळवता येते आणि आपली नोकरी व आपले विद्यार्थी न सोडता संशोधन करता येते.

पुढची संस्थात्मक पावले भराभर पडली. 2008 च्या कायद्याने विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ हे वैधानिक, म्हणजे संसदेच्या कायद्याने स्थापित मंडळ झाले. 2023 च्या कायद्याने त्याची जागा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली आणि हा कायदा फेब्रुवारी 2024 मध्ये अमलात आला. पाच वर्षांत 50,000 कोटी रुपये उभे करण्याचे उद्दिष्ट ठेवताना त्यांतील 36,000 कोटी सरकारी तिजोरीबाहेरून, म्हणजे उद्योग, सार्वजनिक कंपन्या आणि दानशूर संस्था यांच्याकडून येतील असे गृहीत धरण्यात आले आहे. टाटांचे 20 लाख आणि कापसाच्या गासडीवरचे आणे यांचा अनुभव पाहता उद्योगाचा पैसा संशोधनाला लागू शकतो हे खरे आहे. मात्र कापसाच्या वेळी तो कायद्याने वसूल होत होता आणि पैसे भरणाऱ्यांना निर्णयात जागा होती, तर आजचा 36,000 कोटींचा आकडा स्वेच्छेवर उभा आहे.

नव्या संस्थेच्या योजनांपैकी राज्य विद्यापीठांशी सर्वांत जवळून संबंध येतो तो ‘पेअर’ या योजनेचा. तीत एक प्रस्थापित संस्था केंद्रस्थानी राहून राज्य विद्यापीठांसह काही संस्थांना सोबत घेते आणि अनुदान या गटाला मिळते. आयुकाची कल्पना अनेक विषयांत पसरवण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तो मनापासून स्वागतार्ह आहे. 2025 मध्ये केंद्राने आपल्या संशोधन संस्थांसाठी खरेदीचे नियम बरेच सैल केले, त्यामुळे उपकरणासाठी सरकारी ई-बाजारात वाट पाहत बसण्याची सक्ती कमी झाली. परंतु कोल्हापूर, नांदेड, जळगाव किंवा अमरावती येथील राज्य विद्यापीठातील प्राध्यापकाचे अनुदान केंद्राचे असले तरी त्याचे विद्यापीठ चालते राज्याच्या कायद्याने आणि राज्याच्या खरेदी धोरणाने. त्याच्या टेबलावरील सूक्ष्मदर्शकाची मागणी अजून त्याच जुन्या क्रमाने, विभागप्रमुख, खरेदी समिती, वित्त व लेखा अधिकारी आणि कुलसचिव अशा सह्या घेत पुढे सरकते.